अकरावा खड्डा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पोरांनो. ही ऐकीव गोष्ट नाही. आपल्या शेजारच्या व्हर्ननच्या बाबतीत घडलंय हे, गेल्या जूनच्या चोवीस तारखेला, मंगळवारी.

त्याची म्हातारी आई डेल्फिन इस्पितळात होती. चार दिवस पोटात अन्नाचा कण नाही. त्या दिवशी म्हणाली, "तिंप्सिलाच्या कंदांचं सूप करून आण रे. तेवढं पिऊन मग जाते." झालं! व्हर्ननने पहार उचलली आणि तडक टेकडीमागचा माळ गाठला.

आता, कंद काढला की त्याचा शेंडा बियांसकट त्याच खड्ड्यात ठेवायचा आणि वर माती लोटायची, हे तुमच्यासारख्या शेंबड्यांनाही ठाऊक आहे. पण गडी घाईत. सूर्य बुडालेला. कंद पिशवीत, शेंडा बाजूला, चल पुढे. खड्डे सगळे उघडेच.

सहावा कंद काढताना मागून आवाज आला. थप... थप.

"कोल्हा असेल, काका."

"कोल्हा खड्डे बुजवतो होय रे, वेस्ली? मोठा शहाणा!"

कारण व्हर्ननने बॅटरी मारली, तर मागचे पाचही खड्डे बुजलेले. वर तळहात उमटलेला. मधलं बोट अर्धं. डेल्फिनचं ते बोट लाकडं फोडताना तुटलेलं, गावाला माहीत आहे.

माळावर बिळांत राहणारी ती छोटी घुबडं गप्प झाली होती. पण आईला सूप हवं होतं. खणत राहिला. मागे बघितलं नाही. थप... थप... दहा झाले. अकरावा उपटला. शेंडा हातातून सुटला, वाऱ्यावर गेला.

मागे... काहीच नाही.

सव्वानऊ वाजले होते.

पिशवी घेऊन इस्पितळात पोचला, तर नर्स दारातच उभी. "सव्वानऊला गेल्या हो. संध्याकाळभर नुसती चादर थोपटत होत्या..."

"आणलेत गं, आई," एवढंच म्हणत बसला बिचारा.

त्यानंतर तो अकरावा खड्डा त्याने कितीदा बुजवला, तरी बुजलेला राहत नाही. आत ठेवायला तो शेंडा कुठून आणणार? काल मीही गेलो सोबत. दोघांनी तुडवून तुडवून माती दाबली.

आज सकाळी पुन्हा जाऊन आलो. एकटाच.

उघडा होता. काठावर ओल्या मातीत हात उमटलेला.

मधलं बोट अर्धं...