कपाटातला माऊस

“चपला बाहेर!”

प्रियदर्शनीनं मान वर न करताच फर्मावलं. कॉम्प्युटरच्या खोलीत पायताण घालून यायचं नाही, हा साखर कारखान्याच्या शेती खात्याचा कडक नियम. दारातला तरुण निमूट मागं फिरला, बूट काढून परत आला, तेव्हा त्याच्या मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता. तिनं तो पाहिला. तिनं पाहिलं हे त्यानंही पाहिलं… आणि अंगठा हळूच आत ओढून घेतला.

“मी महेंद्र. सांगलीहून आलोय. हा यादीचा प्रोग्राम मीच लिहिलाय.”

“बरं झालं बाई,” ती म्हणाली, “भांडायला माणूस तरी मिळाला!”

भांडण साधंसुधं नव्हतं हो. सत्त्याण्णव सालच्या हंगामात ऊसतोडीची यादी पहिल्यांदाच वहीतून कॉम्प्युटरवर गेली होती. ज्याच्या उसाची लागवड आधीची, त्याचा ऊस आधी तुटणार. पण पडद्यावर यादी खाली सरकवली की मधेच अक्षरं फाटायची, एकच नाव लागोपाठ दोनदा दिसायचं आणि त्याच्या खालचं नाव गडप! उंब्रजच्या रंगूबाईंनी तीन खेटे घातले. तिन्ही वेळा प्रियदर्शनी म्हणाली, “तुमचं नाव नाही.” चौथ्या वेळी ते तिथंच होतं.

“आगं पोरी, येवढा उभा ऊस समद्या गावाला दिसतुया, आन् तुज्या डब्यालाच दिसंना व्हय?”

म्हातारीचा आवाज थेट शेती अधिकाऱ्यांच्या कानी गेला. त्यांनी सांगून टाकलं, सोमवारच्या मीटिंगला निकाल. यादी पुन्हा वहीत गेली, तर कॉम्प्युटरवर बसणारी पोरगी घरी. नेमणूक सहा महिन्यांची, तात्पुरती. मलकापूरच्या तिच्या घरातून कचेरीत खुर्चीवर बसणारी ती पहिलीच. तिच्या वडिलांनी, आण्णांनी, अख्ख्या गल्लीला पेढे वाटले होते. आता कुठल्या तोंडानं सांगायचं?

महेंद्र आला की हेडक्लार्क दादासो कपाटाचं कुलूप काढायचे, फडक्यात गुंडाळलेला माऊस अदबीनं टेबलावर ठेवायचे. महेंद्र टिचक्या मारत यादी खाली-वर सरकवायचा. आणि यादी कशी? लोण्यातून सुरी जावी तशी सरकायची. एकसुद्धा नाव फाटायचं नाही!

“नाचता येईना अंगण वाकडं,” दादासो पुटपुटायचे, तिला ऐकू जाईल इतपतच.

दुसऱ्या खेपेलाही तेच झालं. प्रियदर्शनीला रडूच यायचं बाकी होतं.

“मी डोळे पण तपासून घेतले,” ती हळूच म्हणाली. “खोटं नाही बोलत मी.”

“तुमचे डोळे छान आहेत,” महेंद्र म्हणाला, आणि मग कानापर्यंत लाल झाला. “म्हणजे… त्यांना नंबर नसणार, असं म्हणायचं होतं.”

“असंच म्हणायचं होतं ना?”

“हो… म्हणजे… तेही.”

तिला हसू फुटलं. खिडकीतून उसाच्या मळीचा आंबूस वास येत होता. एरवी नाक मुरडणाऱ्या प्रियदर्शनीला त्या दिवशी तोसुद्धा बरा वाटला.

शनिवारी तो तिसऱ्यांदा आला. दादासो भाचीच्या साखरपुड्याला कडेगावला गेले होते, आणि कपाटाची किल्ली त्यांच्याच खिशात.

“माऊस कुठाय?” महेंद्रनं विचारलं.

“कपाटात.”

“कपाटात? तो काय दागिना आहे?”

“त्याची रजिस्टरला नोंद आहे. हरवला तर जबाबदारी कुणाची? तुम्ही आलात की निघतो, गेलात की कुलूप.”

महेंद्र तिच्याकडे बघतच राहिला. “मग तुम्ही रोज काम कशानं करता?”

“बोटानं!”

तिनं खालच्या बाणाचं बटण दाबलं आणि तसंच धरून ठेवलं. यादी सुसाट पळाली. ओळी फाटल्या, नावं एकमेकांवर चढली, एक आकाराम दोनदा आला आणि रंगूबाई गायब!

“सापडलं!” महेंद्र मोज्यांवरच उडाला. “अहो, मी एकेक ओळ सरकवून बघत होतो. तुम्ही बटण धरून ठेवलं की माझा प्रोग्राम घाईत जुनंच चित्र वर ढकलतो आणि खालची ओळ नव्यानं काढायचीच विसरतो.”

“म्हणजे चूक…”

“माझी. सोळा आणे माझी. तुमची कध्धीच नव्हती.”

इतक्या दिवसांत हे वाक्य तिला कुणी म्हटलं नव्हतं. तिनं ओढणीनं डोळे टिपले आणि मोकळा श्वास घेतला. छातीवरचा धोंडा उतरला म्हणतात ना, तसंच झालं अगदी. चहा येईपर्यंत महेंद्रनं दुरुस्ती केली. आता यादी सरकली की सगळी नावं नव्यानं उमटत होती. तिनं बटण दाबून धरलं. हजारो नावं सरसर खाली गेली, आणि रंगूबाई आपल्या जागी, एकदाच!

सोमवारी महेंद्र मीटिंगला आपणहून हजर झाला. नवे कोरे मोजे घालून! साऱ्यांदेखत उभा राहून त्यानं सांगितलं, “साहेब, चूक माझी होती. मॅडमनी ती दाखवली म्हणून सापडली.”

“यादी कॉम्प्युटरवरच राहील, आणि मॅडमही,” साहेब म्हणाले. “आणि दादासो, तेवढा तो माऊस बाहेर काढा!”

मग काय, हसण्याचा नुसता फवारा उडाला. दादासोसुद्धा मिशीत हसले.

ती त्याला गेटपर्यंत सोडायला आली. उसाच्या गाड्यांची रांग लागली होती, बैलांच्या घंटा वाजत होत्या.

“झालं… आता तुमचे हेलपाटे वाचले,” ती म्हणाली.

“एखादी बारीकशी चूक ठेवावी, असं मनात आलं होतं. दर महिन्याला यायला निमित्त झालं असतं.”

“मग… का नाही ठेवली?”

“ती तुमच्या माथी बसली असती.”

तो तिला आवडत होताच, अगदी त्या फाटक्या मोज्यापासून. पण आता खात्रीच पटली. ती पायानं मातीत रेघ ओढत राहिली.

“रविवारी आण्णा घरी असतात,” ती म्हणाली. “मलकापुरात. विहाराच्या मागचं निळ्या दाराचं घर.”

“येतो! पण… काय बिघडलंय म्हणून सांगू?”

“कायसुदिक बिघडलं न्हाई म्हणून सांगा,” प्रियदर्शनी खुदकन हसली. “आणि चपला बाहेर!”