रूपकाचा तास

बाळंतपणाची वाढवून घेतलेली रजा संपवून बाई शाळेत रुजू झाल्या, त्या आठवड्यात सातवीला उपमा आणि रूपक होतं. त्यांच्या हातचा मळ. उदाहरण मात्र त्यांनी पुस्तकातलं घेतलं नाही. घरी दहा महिन्यांच्या बाळाला निजवायला त्यांनी चार ओळी जुळवल्या होत्या. आपण नसताना खिडकीतली वेताची खुर्ची त्याला सांभाळते, अशा काहीशा. त्यातलीच एक त्यांनी फळ्यावर लिहिली : खुर्ची आईसारखी. ही उपमा. मग डस्टरने 'सारखी' पुसलं. आता खुर्ची आईच झाली. हे रूपक.

मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मग बाई, खरी आई कुठे गेली?"

वर्ग हसला. बाईही हसल्या.

बाळ 'बाबा' म्हणे, 'काऊ' म्हणे. 'आई' काही अजून फुटलं नव्हतं. बाई वरवर हसण्यावारी न्यायच्या; पण दारात चप्पल काढताना रोज कान आत लागलेले असत.

त्या संध्याकाळी गाताना 'सारखी' आपोआपच गळलं. ओळ चालीत चपखल बसली. बाळ पापणी मिटून गाढ झोपलं.

दोन दिवसांनी खुर्ची खिडकीतून पाळण्याशी आली होती. बाईंना वाटलं सासूबाईंनी आणली, सासूबाईंना वाटलं सुनेने. "बरं झालं," सासूबाई म्हणाल्या, "दिवसभर तिच्याशीच असतं. मला कोण विचारतंय?"

बाईंना ते आवडलं नाही. रात्री त्यांनी ओळ पुन्हा 'आईसारखी' केली. बाळ रडून रडून निळं पडलं. शेवटी तो शब्द सोडला, तेव्हाच निजलं.

शुक्रवारी त्या दुपारीच घरी आल्या. दारातच ऐकू आलं.

"आई."

स्पष्ट. बाईंच्या हातातली पिशवी खाली पडली.

बाळ त्यांच्याकडे पाठ करून बसलं होतं. दोन्ही हात वर. समोर रिकामी खुर्ची.

त्यांनी त्याला उचललं. ते अंग ताठ करून खुर्चीकडे झेपावू लागलं.

"भुकेजलंय गं," स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या. "सकाळपासून बाटलीला तोंड लावलं नाही. भरलेली तशीच आहे बघ."

बाईंनी पलंगावर बसून त्याला जवळ घेतलं. त्याने तोंड फिरवलं. पोट टम्म होतं.

त्याच्या ओठाच्या कडेला काहीतरी चमकलं. त्यांनी बोटाने पुसलं.

दूध होतं. अजून कोमट.