अडतीस किलो चारशे ग्रॅम

पुलगावहून नाचणगावकडे जाताना रस्त्याला लागून कापसातली सरकी काढायचं एक जिनिंग आहे. तिथल्या वजनकाट्यावर मी अठ्ठावीस वर्षं बसतोय. माझं नाव बंडूजी. कापूस घेऊन येणारे पाठीमागे मला 'गुंजवाले' म्हणतात, कारण मी गुंजभरही इकडचं तिकडे होऊ देत नाही. माणूस खोटं बोलतो, काटा बोलत नाही, एवढंच माझं तत्त्वज्ञान. देवाधर्माच्या भानगडीत मी पडत नाही. बायकोनं पोथी काढली की मला नेमकी काट्याखालची सरकी साफ करायची आठवण होते.

यंदा गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, प्रमिलाबाई ऑटोत क्रूस घालून आल्या. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका आणि पुलगावच्या लहानशा चर्चमधल्या सगळ्यात जुन्या. सागाचा तो क्रूस त्यांच्या वारलेल्या नवऱ्यानं स्वतःच्या हातानं केलेला. दरवर्षी त्यांची मिरवणूक तो खांद्यावर घेऊन कब्रस्तानापर्यंत जाते आणि वाटेत आमच्या कडुनिंबाखाली पाणी प्यायला थांबते. बाईंसोबत चर्चच्या तरुण मंडळाचा रजत होता.

"बंडूजी, हा लय जड झाला म्हनतात हे पोट्टे," बाई म्हणाल्या. "चाळीसच्या वर भरला त ॲल्युमिनियमचा करू म्हनते रजत. तुम्ही मोजून द्या."

अडतीस किलो चारशे ग्रॅम. रजतचं तोंड उतरलं. बाईंनी लाकडावरून हात फिरवला. मला राहवलं नाही.

"बाई, एक विचारू? ज्याच्यावर तुमच्या देवाले मारलं, तेच काऊन मिरवता? फासाचा दोर कोनी देवघरात ठेवते काय?"

बाई रागावल्या नाहीत. "दोष त्याचा नव्हता, बंडूजी. दुसऱ्याचा होता. त्यानं आपल्या अंगावर घेतला. म्हनून मले हे लाकूड सोन्यापरस साजरं दिसते."

मी ते हसण्यावारी नेलं, पण रात्री जेवण गेलं नाही. त्याला कारण होतं.

दोन वर्षांपूर्वी कापसाची एकशे सत्तर किलोची गठाण चेनपुलीवरून सुटली आणि तिच्याखाली गुलाब नावाचा आमचा हमाल जागीच गेला. पुलीचा हूक दर सोमवारी तपासायचं काम माझं. त्या सोमवारी मी तो न पाहताच 'ठीक आहे' म्हणून मोकळा झालो होतो. चौकशीला साहेब आले तेव्हा मी सांगितलं की गुलाबनंच गठाण ढिली बांधली. मेलेला माणूस उलट बोलत नाही. त्याची बायको अन्नपूर्णा आमच्याच आवारात सरकी झाडते. निष्काळजी हमालाची बायको म्हणून लोक तिला ओळखतात, आणि ती मला रोज सकाळी नमस्कार करते. अठ्ठावीस वर्षांत मी एकच वजन खोटं दिलं, ते हे.

शुक्रवारी दहाच्या सुमाराला मिरवणूक आली. चाळीसेक माणसं, ऊन आतापासूनच चटके देणारं. क्रूसाचं खालचं टोक डांबरावर खर्रखर्र घासत येत होतं. सगळ्यांनी आळीपाळीनं खांदा दिला होता.

"बंडूजी, कालचं तुमचं वजन चुकलं," रजत घाम पुसत म्हणाला. "हा चाळीसच्या वरच हाय."

माझं वजन चुकलं असं मला आजवर कोणी म्हटलेलं नाही. मी क्रूस काट्यावर ठेवायला लावला.

एक्केचाळीस किलो अडीचशे.

मी प्रमाणित वजनं आणली. वीस-वीस किलोची दोन ठेवली. चाळीस, ग्रॅमभर कमी नाही की जास्त नाही. पुन्हा क्रूस ठेवला. एक्केचाळीस अडीचशे. चैत्रातल्या उन्हात लाकूड सुकतं, हलकं होतं. मी हात लावून पाहिलं. ठणठणीत कोरडं होतं.

"रजत, हा घे आणि आवाराले एक चक्कर मार."

तो एका हातानं क्रूस सावरत, दुसऱ्या हातानं मोबाईलवर स्वतःचा व्हिडिओ काढत फिरून आला. आकडा हलला नाही. मला हायसं वाटलं. मग प्रमिलाबाई पुढे झाल्या. ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत त्यांनी तो दहा पावलं नेला आणि परत आणला.

एक्केचाळीस नऊशे.

"बाई, हे काय हाय?"

"मले एकटीले टाकून गेले म्हनून मी ह्यांच्यावर राग धरून होती," त्या म्हणाल्या. "आज ह्या लाकडावर ठेवला."

लोक पाणी पीत होते. कोणाचं आमच्याकडे फारसं लक्ष नव्हतं. अन्नपूर्णानं मात्र झाडू भिंतीला टेकवला आणि ती जवळ आली.

"बाई, मी उचलू काय? मी तुमच्यातली नाई."

"त्याले कोनी परकं नाई, माय."

तिनं क्रूस खांद्यावर घेतला. फाटकाकडे नाही, ती सरळ शेडमध्ये गेली, गुलाब पडला होता त्या जागी. तिथं बराच वेळ उभी राहिली. परत आली, क्रूस काट्यावर टेकवला आणि चार हात लांब जाऊन उभी राहिली.

बेचाळीस. पन्नास. अडुसष्ट.

काट्याजवळ माझ्याशिवाय कोणी नव्हतं. माझे हात मागे बांधलेले होते. वारा नव्हता.

एक्क्याण्णववर आकडा थांबला.

अन्नपूर्णा माझ्याकडे पाहत होती. "मले माहीत हाय, बंडूजी," ती हळूच म्हणाली. "दुसऱ्या दिवशी मी हूक पाह्यला होता. झिजून गेलता. दोन वर्सं तुमाले मनातल्या मनात शिव्या घालून राह्यली. आता थकली. ठेवून देल्या."

तिच्या आवाजात राग असता तर मी निभावून नेलं असतं. तो नव्हता. तिनं माझ्याकडे काही मागितलंही नाही. गप्प बसलो असतो तर तेवढ्यावर भागलं असतं, आणि गप्प बसायची मला सवय होती. मला लाज वाटली; अशी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"ऐका," मी मोठ्यानं म्हणालो. माणसं वळली. "गुलाबची चूक नव्हती. हूक मी पाह्यला नाई. साहेबाले मी खोटं सांगतलं. उद्या जाऊन खरं लिहून देतो."

रजतनं मोबाईल खिशात टाकला.

"उचला," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"एक्क्याण्णव किलो हाय, बाई."

"काट्याकडे पाहू नका."

मी वाकलो. क्रूस खांद्यावर आला तो कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाटीच्या भाऱ्याएवढा हलका. आडव्या फळीवर तासताना पडलेले वाकसाचे बारीक घाव होते आणि इतक्या वर्षांच्या खांद्यांनी, तळहातांनी ती मऊ, तांबूस झाली होती. माझ्या गालाशी ती लागली आणि बाई खोटं बोलल्या नव्हत्या हे मला कळलं. इतकं साजरं लाकूड मी पाहिलेलं नाही.

मी फाटकातून रस्त्यावर आलो. गाणं पुन्हा सुरू झालं.

वीसेक पावलांवर माझ्या लक्षात आलं, मागून क्रूसाचं टोक घासण्याचा आवाज येत नव्हता.

रजतनं टोक धरलं असेल, असं मला वाटलं. रजत माझ्या पुढे चालत होता.

प्रमिलाबाई पुढे होत्या. सगळेच पुढे होते.

अन्नपूर्णा तेवढी माझ्या बाजूला होती. तिनं एकदा वळून माझ्या मागे, क्रूसाच्या टोकाकडे पाहिलं. ती घाबरली नाही. कोणी वडीलधारं माणूस आलं की घेतात तसा तिनं डोक्यावर पदर घेतला, आणि वाट देण्यासाठी ती रस्त्याच्या कडेला सरकली.