चित्रातली ओली जागा

मूर्तिजापूरच्या फलाटावर विसरलेली छत्री.

हाताला संत्र्याच्या सालीचा वास.

चिंचेजवळची दगडी विहीर.

वैशाखातही न वाळणारा कागद.

यातलं काहीही रचलेलं नाही. ज्याला खोटं वाटेल, त्यानं आमच्या घरी यावं आणि पेटीत हात घालून बघावं. मोतीरामकाकांच्या धर्मपालसोबत हे घडलं. साल १९६२. अचलपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी, केशवराव जहागीरदारांच्या बागेत. रात्री नाही...

भर दुपारी.

केशवराव दर उन्हाळ्यात एका चित्रकाराला बंगल्यावर ठेवून घ्यायचे. महिनाभर राहा, जेवा, आमची बाग रंगवा. जाताना एक चित्र दिवाणखान्यासाठी ठेवून जा. धर्मपाल अकोल्याच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होता. त्याचं चित्र असं कुठे लागलं नव्हतं. मूर्तिजापूरला छत्री फलाटावर विसरून तो अचलपूरच्या छोट्या गाडीत बसला आणि आला.

पंगतीत त्याचं पान केशवरावांच्या शेजारी मांडलं जायचं. जात कोणी विचारली नाही.

त्यानं सांगितली नाही.



गच्चीवरून त्यानं देखावा धरला. संत्र्याची झाडं, विहीर, चिंच, मागे निळे डोंगर. आणि रोज दुपारी...

एक बाई.

कमरेवर रिकामी घागर. विहिरीपासून लांब उभी. बाजूला चिंचेची गार सावली, तरी ती उन्हात.

दुसऱ्या कोणाला त्याचा अर्थ लागला नसता. धर्मपालला लागला. त्याची माय मनकर्णा अशीच उभी राहायची. कोणीतरी येईल, वरून पाणी ओतेल, म्हणून. तोवर सावलीही आपली नाही.

त्यानं तिला चित्रात घेतलं. चित्रात जीव आला.

केशवराव वाकून बघू लागले. "मास्तर, हे कोन बसवली मधातच?"

"रोज येते जी तिथं."

"येत असन. पन सावली सोडून उन्हात काहून उभी हाये?"

उत्तर जिभेवर होतं. पण ते दिलं, की पुढचा प्रश्न ठरलेला. तुमाले कसं ठाऊक?

"चुकलं जी," तो म्हणाला. "पुसतो."

ओला स्पंज फिरवला. घागर गेली. पदर गेला. चेहरा सगळ्यात शेवटी गेला.

दुसऱ्या दिवशी चिंचेपाशी कोणी नव्हतं.

स्वयंपाकीण गोदाबाई चहा घेऊन वर आली. त्यानं सहज विचारल्यासारखं केलं. "ती पाणी भरणारी बाई आज आली नाही?"

"कोनती बाई? ऊन लागलं काय मास्तर तुमाले?" गोदाबाई हसली. "ते इहीर कवाचीच आटली. चिमनी बी जात नाई तिथं."

आणि खालून...

दगडावर घागर टेकल्याचा आवाज आला. रिकाम्या घागरीचा.

गोदाबाईचं हसू तिथंच राहिलं. चहा ठेवून ती उतरली, ती पुन्हा गच्चीवर चढली नाही.

धर्मपालनं कुंचला धुवायची वाटी ओढली. कोरडी. आत्ताच तर भरली होती.

पुन्हा भरली. पाठ वळवली...

कोरडी.

आणि कागद? टॉवेल दोरीवर टाकेपर्यंत वाळावा, असं ऊन. सारं चित्र खडखडीत वाळलं. बाई पुसली तेवढीच जागा ओली. दुसऱ्या दिवशी ओली. निघायच्या दिवशीही ओली.

"भिंतीले ओल येईन," असं म्हणून केशवरावांनी चित्र परत दिलं.

अकोल्यात मायनं ते मांडीवर घेतलं. ओल्या जागेवर बोट ठेवलं. बराच वेळ उचललं नाही.

"इथं कोनी उभं होतं काय रे?"

त्यानं मान डोलावली.

"पानी देल्लं का तिले?"

ती उभी राहायची ते सारे दिवस भरलेली वाटी त्याच्याच हाताशी होती.

चित्र अजून आमच्याकडे पेटीत आहे. भोवतीचं फडकं आम्ही बदलतो. उन्हाळ्यात जास्त बदलावं लागतं. त्याबद्दल घरात कोणी बोलत नाही.

छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा त्यानं आपलं देवमन हे नाव टाकून धर्मपाल हे नाव घेतलं होतं. बंगल्यावर पहिल्या दिवशी केशवरावांनी नाव विचारलं, तेव्हा त्यानं देवमन सांगितलं.