तासाभराचं विमान

बाइक नर्सरीसमोर थांबली तेव्हा सगळं कासार आंबोली धुक्यात बुडालं होतं. मोगऱ्याच्या रोपांना पाणी घालता घालता शुभांगीने वर पाहिलं.

"मारुंजीला हाच रस्ता ना?" त्याने हेल्मेट काढत विचारलं.

"घोटवडे फाटा मागंच ऱ्हायला. तुमी पौडाला निघालाय."

तो ओशाळला… आणि जाताना उगाच एक मोगरा घेऊन गेला.

त्याचं नाव अमोघ. मूळचा जळगावचा, हिंजवडीत नोकरीला. मग तो दर रविवारी येऊ लागला. कधी जाई, कधी तुळस, कधी नुसतंच खत.

"बाल्कनीत पाय ठेवायला जागा हाय का आता?" एकदा तिने विचारलं.

"नाही. शेजाऱ्यांच्या बाल्कनीत ठेवतोय."

ती मान वळवून हसली. पण त्याने ते पाहिलंच.

मार्चमध्ये तो आला, पण त्याने काहीच विकत घेतलं नाही. त्याच्या वडिलांना हृदयविकाराचा झटका आला होता. आता घरूनच काम करायचं, जळगावातून.

"लई लांब हाय?"

"विमानाने तासभर."

"आन् हितनं लोहगावच्या विमानतळावर जायला?"

"दोन तास तरी."

"म्हंजी आमचा रस्ताच लांब," ती म्हणाली. त्याने हेल्मेट चढवलं आणि नुसताच निरोप घेतला.

तो रोज फोन करायचा. रोपांचं बोलायचा, उन्हाचं बोलायचा, वडिलांच्या तब्येतीचं बोलायचा. मनातलं मात्र ओठांपर्यंत येऊन परत जायचं. तीन आठवडे असेच गेले. शेवटी शुभांगीनेच आपल्या आबांना, हैबतरावांना, सगळं सांगितलं. हैबतरावांनी ऐकून घेतलं, बराच वेळ अंगणात फेऱ्या मारल्या.

"पोरगा बरा वाटतुय," ते म्हणाले. "पन त्याच्या मनात काय हाय, ते तूच जाऊन बघ."

दुसऱ्या दिवशी पहाटे तिला लोहगावला सोडायला त्यांनीच नर्सरीची पिकअप काढली.

शुभांगी पहिल्यांदाच विमानात बसत होती. खाली ढग कापसासारखे पसरले होते; डोळे मिटले की त्या ढगांतून तोच चालत येताना दिसायचा… जळगावला उतरली तेव्हा उन्हाचा अंगाला चटका बसला. विमानतळाच्या दारातच अमोघ उभा होता. तिचा मेसेज वाचून धावतपळत आला होता, शर्टाची बटणंसुद्धा वरखाली लागलेली.

"किती वेळ लागला?" त्याने विचारलं.

"रस्त्यात दोन तास. विमानात एक. आन् तुमी बोलाल म्हनून वाट बघन्यात तीन आठवडे."

त्याने शर्टाची बटणं नीट लावायला घेतली.

"रोज ठरवायचो. मग वाटायचं— तुझी माती, तुझी रोपं तिकडे… इकडच्या उन्हात तुला कसं बोलवू?"

पहिल्यांदाच तो तिला 'तू' म्हणाला होता. तिच्या गालांवर ऊन आणखीच चढलं.

"माती हितंबी हाय की," ती हळूच म्हणाली.

"माझ्याशी लग्न करशील, शुभांगी?"

"करीन. पन आबांना तुमी सोता येऊन इचारायचं."

"संध्याकाळी तू परत जाणार ना?"

"मी येतानाचंच तिकीट काढलंय. जातानाची तुमी काढायची— दोन."

त्याने तिथेच, उन्हात उभं राहून फोन काढला. तिने ओढणीची सावली स्क्रीनवर धरली.