आतून मारायची हाक

अल खर्जच्या या वाळवंटात माणसांपेक्षा गायी सुखात राहतात, असं मी नेहमी म्हणतो आणि त्यात फारसं खोटं नाही. बाहेर ऊन मी म्हणत असताना आमच्या डेअरीच्या शेडमध्ये पंखे आणि पाण्याचे फवारे चालू असतात. मी इथला ऑटोमेशन इंजिनिअर, मूळचा चिपळूणचा. प्रत्येक गायीच्या कानात टॅग आहे. कळपातली शेवटची गाय आत आली की गेट आपोआप बंद होतं. कुणी विसरायचा प्रश्नच नाही. त्या गेटाचं कौतुक मी आल्यागेल्या प्रत्येकाला ऐकवतो. माझी बायको मंजिरी म्हणते, "स्वतःच्या मुलाचं नसेल केलं इतकं कौतुक."

शुक्रवारी सकाळी मॅनेजरचा फोन आला. स्वीडनहून एक पाहुणी आली आहे, तिला फार्म दाखवा. सुट्टीच्या दिवशी पाहुणे म्हणजे डोक्याला ताप. पण एलिन पाहताक्षणी आवडावी अशी होती. तिशीतली, उन्हाने नाक लाल झालेलं, बूट शेणात गेले तरी तक्रार नाही. दुपारी मी तिला घरी जेवायला आणलं. वरणभात तिने हाताने खाल्ला आणि आपली कहाणी सांगितली.

हे फार्म तिच्या आजी-आजोबांनी उभं केलेलं. गुस्ताव आणि मार्टा. उत्तर स्वीडनच्या डोंगरातली वडिलोपार्जित शेती विकून दोघं इथे आली, तेव्हा इथे रस्ता नव्हता, वीज नव्हती, शेजार नव्हता. तंबूत राहिली. बोअर खणली. विमानातून गायी आणल्या आणि वाळूत चारा पिकवून दाखवला. आमच्या आजच्या गायी म्हणजे त्याच गायींच्या लेकी-नाती. मग एका दुपारी वादळ आलं. गायींना हाका मारायला मार्टा कुंपणाबाहेर गेली होती. गायी सगळ्या परत आल्या, मार्टा आली नाही. तिचं हाडूकही सापडलं नाही.

"माझी आई तेव्हा लहान होती," एलिन म्हणाली. "तिला स्वीडनला मामाकडे पाठवलं. आता ती हॉस्पिटलमध्ये आहे, फार दिवस नाहीत तिचे. तिला एवढंच हवंय, तिच्या आईची हाक त्याच जागेवरून एकदा ऐकायची. आईनेच ती मला शिकवली आहे."

"हाक म्हणजे?" मंजिरीने विचारलं.

"आमच्याकडे डोंगरात चरायला गेलेल्या गायींना बायका गाऊन बोलावतात. बाई गेटाबाहेर उभी राहते. गायी आत गेल्या की घरच्या कुणीतरी आतून तिला नावाने हाक मारायची. तोवर ती आत येत नाही." एलिनने ताटात बोट फिरवलं. "आजोबा त्या दिवशी गायी आवरण्यात विसरले."

मग विषय बदलायला मंजिरी म्हणाली, "आमच्याकडे उलटं आहे. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. मी लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच."

"मग यांना बोलावता कसं?"

"अहो."

"अहो," एलिनने म्हणून पाहिलं आणि हसली. "पण याला तर कुणीही ओ देईल."

"देईल कशाला? ज्याचं त्याला बरोबर कळतं," मंजिरी म्हणाली.

"आणि तुम्ही मला सकाळपासून मॅडम म्हणताय," एलिन माझ्याकडे वळली. "मला नाव आहे."

"हो मॅडम," मी म्हणालो. तिघंही हसलो.

ऊन कलल्यावर आम्ही फार्मच्या टोकाला गेलो. तिथे भाकड गायींचं मोकळं आवार आहे. जुनं, गुस्तावच्या वेळचं; गेट तेवढं मी नवं बसवलेलं. त्यापुढे नुसती वाळू. मंजिरी गाडीत एसी लावून बसली. फोरमन इस्मतने गायी आवाराबाहेर सोडल्या. एलिनने आईला फोन लावून, स्पीकर चालू करून, तो माझ्या हातात दिला आणि ती गेटाबाहेर जाऊन उभी राहिली. फोनमधून आईचा जड श्वास ऐकू येत होता. बिर्गिट तिचं नाव.

मग एलिनने हाक मारली.

इतका उंच आवाज माणसाच्या गळ्यातून निघतो हे मला माहीत नव्हतं. त्यात शब्द नव्हते. फक्त शेवटी एक नाव होतं. मार्टा.

गायींनी माना वर केल्या. पण बघत होत्या त्या एलिनकडे नव्हे, तिच्या मागच्या वाळूकडे. मग शांतपणे दोन रांगांनी आत येऊ लागल्या. मधोमध त्यांनी एक वाट मोकळी ठेवली होती. वाटेच्या कडेची प्रत्येक गाय आपली पाळी आल्यासारखी नाक वर करत होती, कुणी गळ्याखाली खाजवलं की करतात तसं. नवीन आवाजाने जनावर बिचकतं, मी स्वतःला सांगितलं. हातावरचे केस मात्र उभे राहिले होते.

तेवढ्यात धूळ उठली. इथे ती अशीच येते, न सांगता. शेवटची गाय आत आली आणि माझं गेट बंद झालं, ठरल्याप्रमाणे.

"मॅडम!" मी ओरडलो. "मॅडम, आत या!"

गेट छातीएवढं. लहान मूलही चढून येईल. आता येईल डोळे चोळत, म्हणून मी हात पुढे करून उभा राहिलो.

"मॅडम!"

धूळ बसली. बाहेर कुणी नव्हतं. लपायला साधं झुडूपही नव्हतं.

"आई आली," फोनमध्ये बिर्गिट म्हणाली. आवाज एकदम स्वच्छ.

"काय?"

"आई आली आहे. माझ्या पलंगावर बसली आहे." तिच्या मागे कुणी बाई चिडून काहीतरी बोलत होती. नर्स असावी. आणि झाडूचा आवाज येत होता, लादीवरून वाळू लोटल्यासारखा. "एलिनला सांगा, खूप झालं, आत ये. तुम्ही नावाने बोलावलंत ना तिला?"

मी तर मॅडमच म्हणत राहिलो होतो.

मी फोन इस्मतच्या हातात कोंबला, गेटावरून उडी टाकली आणि वाळूत धावलो.

"एलिन! एलिन!"

घसा बसेपर्यंत ओरडलो. मग पाय थांबले. आतून मारायची असते ती हाक. आणि मी बाहेर होतो.

मी मागे फिरलो. गेट जागेवरच होतं. पलीकडे इस्मत, अगदी हाताच्या अंतरावर.

"सर! सर, किधर गए?"

"अरे, इथेच आहे!"

तो माझ्या आरपार बघत होता. मी गेटाचा पाइप घट्ट धरला. दिवसभर उन्हात तापलेला पाइप, चटका बसायला हवा होता. काहीच लागलं नाही.

मंजिरी गाडीतून उतरून धावत आली. एक चप्पल वाटेत निसटली होती. ती गेटाशी आली आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे, लांब वाळूत बघू लागली.

"मंजिरी, नाव घे," मी म्हणालो. "माझं नाव घे. एकदाच."

तिचे ओठ हलले. मी तिच्या तोंडाकडे जीव एकवटून बघत होतो.

"अहो!" ती ओरडली. "अहो, कुठे आहात?"

माझ्या मागून, खूप लांबून, कुणीतरी ओ दिली. पुरुषाचा आवाज.

वाळू जराशी करकरली. ती करकर माझ्या शेजारून गेटाकडे गेली. गेटाजवळच्या गायीने नाक वर केलं. मग तिच्या पुढच्या गायीने. मग तिच्या पुढच्या.

मंजिरीच्या चेहऱ्यावरची भीती उतरली.

"किती घाबरवलंत हो," ती म्हणाली, आणि ओढणीच्या टोकाने तिच्यासमोरच्या, मला न दिसणाऱ्या खांद्यावरची वाळू झाडू लागली.