रविवारी चढणारी रेषा

शनिवारी सकाळी मुग्धा दुबईच्या करामा भागातल्या विजयकुमारांच्या घरात शिरली ती डोळे पुसतच. मागे तिचे वडील विलास, हातात छापलेला आलेख. विजयकुमार एके काळी विमा कंपन्यांसाठी चौकशा करत. आता ओळखीचे लोक आपली कोडी त्यांच्याकडे आणत.

"काका, सोमवारी मला काढणार. व्हिसा कॅन्सल. I was born here! मी जाऊ कुठे?"

मुग्धाच्या कंपनीकडे दुबईतल्या एका ऑफिस टॉवरच्या थंडाव्याचं काम होतं. तिच्या नावाने गेलेल्या आलेखात चिलरवरचा, म्हणजे इमारत थंड ठेवणाऱ्या यंत्रावरचा, मे महिन्याचा भार अगदी बेताचा दिसत होता. दुसऱ्याच दिवशी चिलर बंद पडला. आकडे मुग्धाने मनाने लिहिले, असं तिच्या बॉसचं, तय्यब साहेबांचं म्हणणं.

विजयकुमारांनी कागद खिडकीपाशी धरला. एकच निळी रेषा, नाव 'या वर्षीचा मे', खाली वारांची आद्याक्षरं. दर आठवड्याला रेषा शुक्रवार-शनिवारी खाली बसे आणि रविवारी पुन्हा चढे.

"छान आलाय प्रिंट," विलास म्हणाले. आलेखातलं त्यांना तेवढंच कळत होतं.

"ही रेषा बनते कशी?"

"सिरीज सेट करायची, काका. नाव टाईप करायचं, मग वारांचा कॉलम निवडायचा, मग भाराचा. मी तिन्ही नीट केलं. मग शोभना मॅडमनी फायनल केलं."

विजयकुमारांनी आधी टॉवरच्या मशीन रूममधल्या उमरला फोन लावला.

"साब, रीडिंग तो मीटर खुद लिखता है," उमर म्हणाला. "मई में लोड बहुत था. मैंने शोभना मैडम को बोला भी था."

मग शेजारच्या बिल्डिंगमधून शोभना आल्या. कंपनीत बावीस वर्षं, मुग्धाच्या वरिष्ठ आणि घरी तिची मावशी.

"मी एकही आकडा बदलला नाही," त्या म्हणाल्या. "तिचा आलेख ओबडधोबड होता, म्हणून माझ्या नेहमीच्या तयार फाइलच्या साच्यात बसवून दिला. नाव टाईप केलं, खलास."

चहा आला. विलासना गप्प बसवेना. "चहा खरा शुक्रवारचा! मुग्धाला ऊद मेथा भागातल्या मराठीच्या वर्गाला सोडायचं आणि इथे येऊन पोहे. शोभनाताई श्रीखंड आणायच्या. दोन हजार बावीस साली इथली शुक्रवार-शनिवारची सुट्टी शनिवार-रविवारवर गेली, आणि ती मजाही गेली."

विजयकुमारांनी कप खाली ठेवला. "विलास, धन्य आहेस. सोडवलंस की!"

"मी? काय सोडवलं?"

"ऑफिस बंद असलं की चिलरला काम कमी. मुग्धा, टॉवर कधी बंद असतो?"

"शनिवार-रविवार... Oh my God."

"मग रविवारी रेषा का चढते? रिकामा टॉवर एवढा थंड कोण करतं? आणि कोणी आकडे मनाने लिहिले असते, तर आजचीच सुट्टी धरून लिहिले असते. म्हणजे हे आकडे मीटरचेच, पण बावीसच्या आधीचे. शोभनाताई, तुमच्या साच्यात जुनी सिरीज होती. तुम्ही नाव नवं दिलंत, कॉलम दोन्ही जुन्याच फाइलचे राहिले."

शोभनांनी मान खाली घातली. "चिलर बसला त्याच दिवशी कळलं मला. दोन महिन्यांनी रिटायर होतेय. बावीस वर्षांत एक चूक नाही... तोंडच उघडेना."

"मावशी, माझा व्हिसा गेला असता," मुग्धा हळूच म्हणाली. आज प्रथमच तिने मॅडम म्हटलं नाही.

शोभनांनी फोन काढला. सगळ्यांसमोर तय्यब साहेबांना लावला आणि काही न लपवता सांगितलं. शेवटी त्यांनी फोन ठेवला. मुग्धाने त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला.

विलास अजून कागद निरखत होते. "कोणत्या सालचा मे हा?"

"चौदाचा," शोभना म्हणाल्या.

विलासनी रेषेतल्या शुक्रवारच्या खड्ड्यावर बोट ठेवलं. त्यांचे डोळे भरून आले.

"म्हणजे टॉवर रिकामा होता, तेव्हा आपण सगळे इथे पोहे खात होतो," ते म्हणाले, आणि कागदाची घडी घालून त्यांनी ती खिशात ठेवली.